गुडघा चोळू नका

गुडघ्यातून कट्‌ असा आवाज येतो. खेळणाऱ्याला तो आतून ऐकू येतो, कधी कधी शेजारच्या कोपरारक्षकालाही. पोरगा मैदानावर पडतो, दोन्ही हातांनी गुडघा धरतो, मिनिटभर कळवळतो. मग दुखणं जरा ओसरतं. संघातले दोघे त्याला खांदा देऊन बाहेर आणतात, कुणीतरी स्प्रे मारतं, कुणीतरी म्हणतं, "काही नाही, लचकलाय. चालून बघ." तो चार पावलं चालतो. चालता येतंय म्हणून टाळ्या पडतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो पुन्हा चढाईला जातो.

मला त्या पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे. आणि त्यानंतरच्या रात्रीबद्दल, जेव्हा गुडघा नारळाएवढा झालेला असतो आणि घरात चुलीवर तेल कोमट होत असतं.

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत खेळ शिकवला. कबड्डी, खो-खो, थोडी कुस्ती. दहावीतला एक मुलगा होता, डावा कोपरा खेळायचा. चवडा धरला की सुटणं अशक्य. तालुक्याच्या सामन्यात त्याचा गुडघा असाच वाजला. "चालून बघ" हे शब्द तेव्हा माझे होते. पंधरा दिवस त्याला चोळून घ्यायला लावलं, सूज उतरल्यावर जिल्ह्याच्या सामन्याला उभा केला. पकडीला झेपावताना पाय जागच्या जागी फिरला आणि गुडघा वाकला तो सरळ होईना. पहिल्या सामन्यात एक बंध तुटला होता, दुसऱ्या सामन्यात आतली गादी फाटली. पहिली दुखापत खेळाने दिली, दुसरी आम्ही दिली. आज तो चाळिशीच्या आसपास आहे आणि त्याला मांडी घालून जेवायला बसता येत नाही.

म्हणून ही विनंती. मंडळाच्या कार्यकर्त्यांना, संघनायकांना, माझ्यासारख्या खेळाच्या मास्तरांना आणि सगळ्यात आधी घरातल्या आईवडिलांना.

गुडघा आतून कसा आहे ते एकदा समजून घेतलं, तर त्याला चोळायचा धीर होत नाही. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जे दुसरं बारीक हाड असतं, ते गुडघ्याच्या सांध्यात येतच नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल टाचांसारखं आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. पाटावर दोन लिंबं ठेवावीत तसं. खुब्याचा सांधा उखळात बसवल्यासारखा खोल असतो, तिथे हाडच हाडाला धरून ठेवतं. गुडघ्यात तशी सोय नाही. इथे हाडांना जागेवर ठेवण्याचं काम दोऱ्यांचं आणि स्नायूंचं.

मुख्य दोऱ्या चार. दोन बाजूंना दोन, आतल्या अंगाला आणि बाहेरच्या अंगाला. सांध्याच्या मधोमध आणखी दोन, फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. या फुलीतली पुढची दोरी म्हणजेच मैदानावर ज्याला सगळे 'एसीएल' म्हणतात ती. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगी मांडीच्या पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा सुटू न देणं, ही तिची कामं. बाजूची आतली दोरी ताणली किंवा अर्धवट तुटली, तरी बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायाम यांनी भरून येते, कारण ती सांध्याच्या पोकळीबाहेर आहे, तिला आजूबाजूने रक्त मिळतं. मधली पुढची दोरी मात्र सांध्यातल्या पाण्यात बुडालेली. तुटली की तिची टोकं एकमेकांपासून दूर जातात आणि त्यांना सांधणारी रक्ताची गुठळी तिथे टिकत नाही. पूर्ण तुटलेली ही दोरी सहसा आपोआप पहिल्यासारखी जुळत नाही. मग ती तेलाने कशी जुळेल?

त्या दोन लिंबांखाली दोन गाद्या आहेत, अर्धचंद्राच्या आकाराच्या, बाहेरून जाड आणि आत पातळ होत गेलेल्या. गोल हाड सपाट हाडावर नीट बसावं म्हणून त्या कडेने उचललेल्या असतात आणि अंगाचा भार पसरवून देतात. पूर्वी गादी फाटली की सगळी काढून टाकत, तिचा फार उपयोग नाही असं मानत. १९४८ साली फेअरबँक या इंग्रज शल्यविशारदाने दाखवून दिलं की गादी काढलेल्या गुडघ्याचे एक्स-रे पुढे बदलत जातात, सांध्याची झीज सुरू होते. तेव्हापासून हळूहळू विचार पालटला. आज चांगला डॉक्टर गादी वाचवता येईल तेवढी वाचवतो. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्त पोचतं, त्यामुळे तिथली फाट टाका घालून भरू शकते. आतल्या कडेची सहसा नाही. तुमच्या मुलाची गादी फाटली असं कुणी सांगितलं, तर "शिवता येईल का?" हा प्रश्न आवर्जून विचारा.

वाटीबद्दल थोडक्यात. ती मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या पट्ट्यात बसवलेली आहे आणि कप्पी करते तसं काम करते. तिच्यामुळे स्नायूला पाय सरळ करायला जोर कमी लागतो. कोवळ्या मुलींमध्ये ही वाटी कधी कधी बाहेरच्या बाजूला निखळते आणि पाय सरळ करताच पुन्हा जागेवर जाते. जागेवर गेली म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका. तीही मुलगी डॉक्टरांना दाखवायची.

आता हालचाल. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडतो-मिटतो, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धवट खरं आहे. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं आणि सांधा कडी लावल्यासारखा बंद होतो. म्हणून आपण फार जोर न लावता बराच वेळ उभे राहू शकतो. वाकायचं झालं, की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ती कडी काढतो. पाय सरळ असताना गुडघा जवळजवळ फिरत नाही. काटकोनात वाकला की नडगी आत-बाहेर तीस-चाळीस अंश फिरते. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साठ-सत्तर अंश वाकतो, खुर्चीतून उठताना नव्वदच्या पुढे, आणि पंगतीत मांडी घालून किंवा उकिडवं बसताना त्याच्याही कितीतरी पुढे. खुर्ची-टेबलावर वाढलेल्या माणसाला गुडघ्याकडून जे लागतं, त्यापेक्षा जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांना फार जास्त लागतं. परदेशी पुस्तकातला 'बरा झालेला गुडघा' आपल्या घरात पुरेसा बरा नसतो, हे डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला स्वतःहून सांगा: मला खाली बसायचंय, शेतात वाकायचंय.

हे सगळं कबड्डीच्या मैदानावर नेऊन बघा. चढाईपटू निदान रेषेपलीकडे गेलाय, बोनससाठी एक पाय पुढे टाकलाय. कोपऱ्याने चवडा धरला. पाऊल जमिनीला खिळलं, नडगी तिथेच राहिली आणि बाकीचं सगळं अंग मध्यरेषेकडे वळलं. वरून साखळी येऊन आदळली. गुडघा थोडासा वाकलेला, आत कललेला आणि पिळलेला. करंगळीएवढ्या त्या दोरीला हे झेपत नाही. कधी कुणी धरतही नाही. उडी मारून एका पायावर उतरताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना गुडघा आत पडतो आणि दोरी जाते, तीही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. पापणी लवायच्या आत झालेली गोष्ट सावरायला डोक्याला वेळच मिळत नाही, म्हणून शरीराला आधीपासून वळण लावावं लागतं. त्याबद्दल पुढे बोलतो. मातीच्या मैदानावर पाय थोडा सरकतो. मॅटवर बुटाचा तळवा घट्ट धरतो, पाऊल सरकत नाही आणि पीळ सगळा गुडघ्यात येतो. मातीत वाढलेल्या पोरांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरवू नका.

दुखापत ओळखायची कशी? घड्याळाकडे बघा. आवाज आला किंवा 'काहीतरी सटकलं' असं वाटलं आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साचलंय असं धरून चला. तरण्या खेळाडूच्या पिळलेल्या गुडघ्यात असं रक्त साचलं, तर अर्ध्याहून अधिक वेळा पुढची दोरी तुटलेली निघते. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू आली, तर गादीचा संशय अधिक. गुडघा एका जागी अडकला, वाकलेला तो सरळच होईना, तर फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. असा पाय ओढून, झटका देऊन सरळ करू नका. कुणालाही करू देऊ नका.

त्या वेळी करायचं ते साधं आहे. खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज गुंडाळा, पण बोटं निळी पडतील इतकं आवळू नका. झोपवून पायाखाली दोन उशा द्या. पुढचे दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही, गरम लेप नाही, दारू नाही. चोळल्याने आणि शेकल्याने आतला रक्तस्राव वाढतो, एवढं साधं कारण आहे.

मला ठाऊक आहे, गावात कुणीतरी हात लावणारा माणूस असतो. त्याचा हात गुणाचा आहे, त्याने कुणाकुणाचं उसण भरलेलं मोकळं केलं, हेही खरं असेल. पाठीत चमक भरणं वेगळं. गुडघ्यात रक्त साचलेलं असताना पाय ताणून 'हाड बसवणं' म्हणजे अर्धी तुटलेली दोरी पूर्ण तोडणं होऊ शकतं. हाड जागेवरच असतं, बसवायचं काय? आजी आंबेहळद उगाळते ती मायेने. तिचं मन मोडू नका. तिला उशाशी बसवा आणि बर्फाचं फडकं धरायला सांगा.

एका प्रसंगात मात्र बर्फही शोधत बसू नका. मोटारसायकलवरून पडल्यावर किंवा अंगावर मोठा ढीग पडल्यावर गुडघा वेडावाकडा दिसला, पाऊल थंड पांढरं पडलं, बोटांना स्पर्श कळेनासा झाला, तर गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. साधारण सहा तासांत रक्त पुन्हा वाहतं झालं नाही, तर पाय वाचवणं अवघड होतं. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या.

पुढची फसगत एक्स-रेची. दवाखान्यात फोटो काढतात, "फ्रॅक्चर नाही" असं सांगतात आणि घरचे मोकळा श्वास घेतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, दोरी दिसत नाही, गादी दिसत नाही. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीवर नेमकं बोट ठेवताच दुखत असेल, तर फोटो हवाच. पण फोटो चांगला आला म्हणून गुडघा चांगला आहे असं होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ हाताने तपासतो, त्याचं मोल मोठं. फिलाडेल्फियातले डॉक्टर जॉन लॅकमन एक साधी तपासणी शिकवत; त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी ती १९७६ साली छापून जगापुढे ठेवली. गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. दोरी शाबूत असेल तर ठक्‌ करून थांबते, तुटली असेल तर नडगी मऊ सरकत जाते. सूज ताजी असताना पोरगा पाय आखडून धरतो आणि ही तपासणी चुकू शकते, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला जा. एमआरआय त्यानंतर, गरज असेल तर. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो. तिथे एक दिवस मोडेल, पण मोडू द्या.

सगळ्यात फसवे दिवस येतात ते तीन-चार आठवड्यांनी. सूज उतरते, दुखणं जातं, पोरगा सरळ रस्त्यावर पळूही शकतो. दोरी तुटलेला माणूस सरळ पळू शकतो, कारण तिचं काम वळताना लागतं. जिना उतरताना, बांधावरून उडी टाकताना, कुणी हाक मारली म्हणून गर्रकन वळताना पाय दगा देतो. असा प्रत्येक दगा गादीवर आणि हाडावरच्या गुळगुळीत अस्तरावर घाव घालतो. त्या अस्तराला रक्तवाहिन्या नाहीत, चेता नाहीत. म्हणजे ते झिजताना दुखत नाही, आणि झिजलेलं धड भरत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड उघडं पडू लागलेलं असतं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे मी खास सांगतो. १६०० मीटर पळायचंय, वयाची मर्यादा जवळ आलीय, गुडघा सांगितला तर यंदाची संधी जाईल, म्हणून गोळ्या खाऊन पळणारी पोरं मी पाहिली आहेत. तुमची निकड मला कळते. पण सुजलेला गुडघा गोळीने झाकून डांबरी रस्त्यावर पळवलात, तर एका वर्षाच्या भरतीसाठी पुढच्या सगळ्या वर्षांचा गुडघा द्याल. आधी तपासून घ्या. कित्येकदा दुखणं साधं निघतं: वाटीखालच्या पट्ट्याचं, एकदम वाढवलेल्या पळण्याचं. नववी-दहावीतल्या वाढत्या पोरांना नडगीच्या वरच्या टोकाला, वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं, तेही बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर थांबतं. त्याला विश्रांती आणि व्यायाम पुरतो.

दोरी तुटल्याचं नक्की झालं, की घरात दोन टोकं दिसतात. एकीकडे "ऑपरेशन म्हणजे आयुष्य संपलं", दुसरीकडे "उद्याच करून टाका". दोन्ही घाईचं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचालीची सवय असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ६२ जणांवर लवकर शस्त्रक्रिया केली. ५९ जणांना आधी नीट व्यायामोपचार दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांना शस्त्रक्रिया करावी लागली, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारींत फारसा फरक दिसला नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया नकोच असा नाही. ज्याला पुन्हा चढाई करायची आहे, ज्याचा पाय वारंवार दगा देतो, ज्याची गादीही शिवायची आहे, त्याला ती बहुधा लागते. पण गर्रकन वळायची वेळ न येणाऱ्या दुकानदाराला आणि राज्य पातळीवरच्या खेळाडूला एकच उत्तर नसतं. डॉक्टरांना सांगा की मुलगा काय करतो, काय करू इच्छितो, मग ठरवा. व्यायाम मात्र दोघांनाही टळत नाही, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करायचा.

शस्त्रक्रियेत तुटलेली दोरी शिवत नाहीत शक्यतो. मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या पट्ट्यातून धागा घेऊन नवी दोरी बसवतात. ही नवी दोरी पहिले काही महिने मजबूत होण्याआधी कमजोर होते, मग हळूहळू शरीर तिला आपली करून घेतं. चौथ्या महिन्यात गुडघा इतका छान वाटतो की पोरगा बुटाची नाडी बांधायला लागतो, आणि दोरी तेव्हाच कच्ची असते. नॉर्वेतल्या खेळाडूंचा अभ्यास २०१६ साली आला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं एकेक महिना पुढे ढकलत गेलं, तसा पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्मा होत गेला. नऊ महिने म्हणजे एक अख्खा मोसम. संघनायकांनो, त्या मोसमात त्याला फोन करून "नुसता उभा राहा, नावाला" असं म्हणू नका. तो नाही म्हणू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत असतं.

मुलींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. वळणं आणि उड्या असलेल्या खेळांत मुलींची ही दोरी मुलांपेक्षा दुप्पट ते कितीतरी पट अधिक वेळा तुटते. कंबरेची ठेवण, स्नायूंची ताकद, उतरण्याची लकब अशी कारणं सांगतात. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. मुलींना आपण थेट खेळायला उतरवतो, ताकदीचा सराव देत नाही. फिफाने २००६ साली तयार केलेला वीस मिनिटांचा सराव सगळीकडे फुकट मिळतो. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. त्यात जादू काही नाही. हलकं पळणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून मऊ उतरणं. जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवर उभं राहून सावकाश पुढे झुकायचं, हा व्यायाम आपल्या तालमीतल्या पोरांना शिकवायला पाच मिनिटं पुरतात. उतरताना आरसा नसेल तर सोबतीने समोर बसून बघावं: गुडघा पावलाच्या रेषेत आहे की आत पडतोय? आत पडत असेल तर त्या दिवशी चढाई नको, उड्याच करून घ्या.

घरातल्या मोठ्यांसाठीही दोन शब्द, कारण हा लेख बहुधा त्यांच्याच हातात असेल. "गुडघ्यातलं वंगण संपलं" असं म्हणतात. निरोगी गुडघ्यातही ते पाणी चमचाभरच असतं. झिजतं ते अस्तर, आणि त्याला आधार देते मांडी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा वेळा. अंगाचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दुखतं म्हणून चालणं सोडू नका. बसून राहिलेली मांडी आणखी बारीक होते.

थंडीचा मोसम आला की गावोगावी मैदानं आखली जातील, चुन्याच्या रेषा पडतील, मंडळांच्या पावत्या फाटतील. त्या पावतीपुस्तकातून एक थर्मास, दहा किलो बर्फ, चार क्रेप बँडेज आणि एक स्ट्रेचर एवढं आधी काढून ठेवा. गुणलेखकाच्या टेबलाशेजारी एक माणूस फक्त यासाठी बसवा. त्याला एवढाच अधिकार द्या, आणि तो प्रेक्षकांच्या देखत द्या: गुडघा वाजला, की तो पोरगा आज पुन्हा आत जाणार नाही. मग गुणफलक काहीही सांगो.